वेल कळी धरीना

"हलू नकोस गं, सावली पडते," हे म्हणाले.

मी कुठं हलत होते? नुसती तांब्या धरून उभी होते. सकाळचं कोवळं ऊन नुकतंच भिंतीवरून परड्यात उतरलं होतं. परडं म्हणजे आमच्या घरामागचा भिंतीनं वेढलेला मोकळा तुकडा. त्यात माझा नवरा, सूतगिरणीच्या हापिसातला कारकून, वर बनियन आणि खाली पट्ट्यापट्ट्याचा पायजमा अशा थाटात भोपळ्याच्या वेलापुढं उकिडवा बसला होता. हातात नराचं फूल. पाकळ्या सोलून टाकलेल्या, आणि मधला पिवळा दांडा शेजारच्या मादी फुलाच्या पोटात अलगद फिरवणं चाललेलं. मादी फूल ओळखायला सोपं असतं. त्याच्या पाठीशी लिंबाएवढी हिरवी कळी असते. ती धरली तर भोपळा, नाहीतर पाचोळा.

भिंतीवर हौसाक्काचं डोकं उगवलं. हौसाक्का आमची मागची शेजारीण. तिच्या शेळ्यांचं कौलारू छप्पर आमच्या भिंतीला टेकलेलं होतं. छपराच्या कडेला ती दगडी डोणीवर चढली की धड पलीकडं आणि डोकं तेवढं आमच्या भिंतीवर ठेवल्यासारखं दिसायचं.

"काय राजाभाऊ, आज कुनाचं लगीन?"

"हौसाक्का, हे शास्त्र आहे. फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापायच्या आत मिटतं. तेवढ्यात माशी आली नाही तर कळी धरत नाही. माशीचं काम आपण करायचं."

"करा की. तुमचं लगीन हून चार म्हैनं न्हाई झालं आन् लगेच भटजी बी झालायसा." मग माझ्याकडं वळून, "कलावती, ह्यांला च्या दे गं बाई. दमलं असतील, मधमाशीचं काम सोपं असतंय व्हय!"

हे मान खाली घालून फुलात दांडा फिरवत राहिले. हौसाक्का हसत खाली उतरली, पण उतरताना तिनं एक नजर टाकली. वेलाकडं नाही, ह्यांच्याकडं नाही, आपल्या छपराकडं. मी ती नजर टिपली. कुठल्या खात्याला मांडायची ते मात्र कळेना.

मला अशी टिपून ठेवायची सवय आहे. माझे वडील सांगलीच्या पेठेत भुसार मालाचे दुकानदार. ते सांगायचे, "कला, गिऱ्हाईक काय बोलतंय ते सगळेच ऐकतात. बोलताना त्याचा हात कुठल्या पोत्यात आहे ते बघावं." मी लहानपणापासून पोत्यांकडंच बघत आले.

त्या उन्हाळ्यात माझं सगळंच त्या वेलावर टांगलेलं होतं. तासगावच्या बाजूला आमच्या सासरच्या घरात एक रीत होती. नवी सून आली की संक्रांतीनंतर तिच्या हातानं परड्यात तांबड्या भोपळ्याचं बी लावायचं. त्या वेलाचं पहिलं फळ उतरवायचं, त्याचे घारगे करून पाच सवाष्णींना वाढायचे, आणि मगच त्या सुनेनं दुसऱ्या गावी आपली चूल मांडायची. तोवर नाही. ही रीत कुणी काढली कुणाला ठाऊक नव्हतं. बहुधा एखाद्या सासूनंच काढली असणार. सुनेनं काढली असती तर तिनं मेथीचं बी लावलं असतं.

हे इचलकरंजीत एका मित्राच्या खोलीत पथारी टाकून राहायचे आणि खानावळीत जेवायचे. दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं येताना पँट थोडी जास्तच ढिली झालेली असायची. त्यांनी आमच्यासाठी एक खोली बघून ठेवली होती. पुढं खोली, मागं स्वयंपाकघर, स्वयंपाकघराला खिडकी, नळ चौकात. घरमालकीण म्हणाली होती, "अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबते, नंतर दुसऱ्याला देणार." ती खोली मी बघितली नव्हती, पण मनातल्या मनात तिथल्या फळीवर डाळीचे डबे मी किती वेळा लावले आणि पुन्हा काढले होते! वडिलांच्या दुकानात डबे त्यांचे, सासरी डबे सासूचे. माझे म्हणून डबे मला हवे होते.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, नणंद बेळगावकडं दिलेली. घरात त्या एकट्याच. माझ्या जाण्याला त्यांची आडकाठी नव्हती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, "पैलं फळ उतरलं की जा. माझी काय बी ना न्हाई."

फळ उतरलं की. पण कळीच धरेना तर फळ कुठून उतरायचं?

रविवारी हे लग्न लावायचे. सोमवारी कळी टवटवीत असायची, मंगळवारी थोडी फुगल्यासारखी वाटायची, आणि माझ्या मनातले डबे फळीवर चढायचे. मग तिच्या टोकाला पिवळी झाक यायची. एक-दोन दिवसांत ती देठापाशी मऊ व्हायची आणि हात लावला की हातात. शनिवारी हे आले की मी गळालेल्या कळ्या त्यांच्यापुढं सुपात मांडायची.

"परागीकरण तर झालंय," हे एकेक कळी उलटीपालटी करून म्हणायचे. "झालं नसतं तर एवढी फुगलीच नसती. धरून सोडतोय वेल. म्हणजे पाणी कमी पडतंय."

पाणी वाढवलं. कळ्या गळाल्या. मग पाणी जास्त झालं असं ठरलं. कमी केलं. गळाल्या. मग हौसाक्काकडून पाट्या भरभरून लेंडीखत आणून घातलं. वेलाची पानं सुपाएवढी झाली, परड्यातून चालताना पायांत यायला लागली, आणि कळ्या पूर्वीपेक्षा जोमानं गळाल्या.

"आत्याबाई, परवाची पण गेली," एके दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ऊन लई हाय औंदा."

"मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, माझं बोट लागलं."

"ते बी हाय."

बोटाची भानगड अशी. वेलावरच्या कळीकडं सरळ बोट रोखू नये, रोखलं की कळी कुजते. दाखवायचीच झाली तर बोट वाकवून, पेराकडून दाखवावी. वेलावर फळ भरत असेल तर त्याचं नाव काढू नये, कौतुक करू नये, विचारूही नये. खेड्यातल्या पोरांना हे चालायला लागायच्या आधी येतं. पेठेतल्या पोरीला कोण शिकवणार? परड्यात पहिली कळी दिसली तेव्हा मी चांगली तर्जनी ताणून "ती बघा, ती बघा!" म्हणून ओरडले होते, आणि आत्याबाईंनी पोलिसानं चोराचा धरावा तसा माझा हात धरून खाली दाबला होता.

गंमत अशी की घरात माझ्या बोटावर खापर फोडणाऱ्या आत्याबाई बाहेर वेगळंच बोलायच्या. विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "नव्या सुनंचं बोट लागलं म्हनं वेलाला." आत्याबाईंनी घागर तिथंच ठेवली. "बोटानं कळी गळती व्हय गं? मग तुज्या जिभंनं आख्ख्या गल्लीतली झाडं वाळाय पायजेत."

घरात नावे, बाहेर जमा. असा दुहेरी हिशेब ठेवणारा माणूस एकतर गोंधळलेला असतो किंवा फार पुढचा असतो. आत्याबाई गोंधळल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

वडिलांचं आणखी एक वाक्य होतं. वखार जळाली म्हणून छाती पिटणाऱ्याच्या पायाकडं बघावं. पायात नव्या चपला असतील तर माल आधीच हलवलेला असतो. मी आत्याबाईंच्या पायाकडं बघायला लागले. कळी गळाल्याच्या दिवशी त्या भाकरी कमी खात नव्हत्या, उलट वर दही मागत होत्या. खरकटं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं स्वतः नेऊन वेलाला घालत होत्या. मला बादली धरू देत नव्हत्या, "तुज्या हाताला गुन न्हाई" म्हणून. वेल कळी धरत नाही म्हटल्यावर एखादीनं शिव्या घालून उपटून टाकला असता. ह्या मात्र त्याला असं पाणी घालत होत्या, जसं गाभण म्हशीला पेंड घालावी.

आणि तरी त्या बाईचा राग येत नव्हता. त्याला कारण सागरगोटे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अंगणात पोतं अंथरून आम्ही दोघी सागरगोटे खेळायचो. सासू-सुना खेळतात हे ऐकून माझ्या आईला नवल वाटलं होतं. तिनं आत्याबाईंना खेळताना बघितलं असतं तर जास्त वाटलं असतं.

"तीन झेललं."

"दोन, आत्याबाई."

"तीन."

"एक तुमच्या मांडीखाली आहे."

"त्यो माज्या मांडीचा हाय. खेळातला न्हवं."

"मांडीला सागरगोटे लागतात होय?"

"म्हातारपनी कायबी लागतंय. टाक तू."

मी भांडायची, त्या भांडायच्या, हौसाक्का पलीकडून विचारायची, "काय आग लागली काय वो पारूवैनी?" आणि आत्याबाई सागरगोटे वर उडवता उडवता ओरडायच्या, "व्हय, पानी घिऊन ये!"

एका सोमवारी हे पहाटेच्या गाडीनं गेले आणि आत्याबाई महादेवाला गेल्या. मी परड्यात वेलापुढं उभी राहिले. ह्यांच्यासारखी फुलांकडं बघत नव्हते. मी वेलाचे हात बघत होते. वेलाला तीन फाटे होते. दोन जमिनीवर पसरलेले, करंगळीएवढे. ह्यांची सगळी लग्नं ह्या दोघांवर. तिसरा बुडातून निघून सरळ भिंतीवर चढलेला आणि पलीकडं गेलेला. तो अंगठ्याएवढा जाड होता. दुकानाला तीन दारं असली तर मुख्य दार कुठलं ते पाटी वाचून कळत नाही, कुठल्या उंबऱ्याची झीज जास्त ते बघावं लागतं.

मी रांजणाच्या कट्ट्यावर चढले. कट्ट्यावरून भिंतीवर. लुगडं नव्हतं हे नशीब, पाचवारी होती, तीही खोचून घेतली. भिंतीपलीकडं हौसाक्काच्या छपराची कौलं आमच्या बाजूनं वर चढत गेली होती आणि मग आढ्यावरून त्या अंगाला उतरत होती. फाटा आढं ओलांडून गेलेला. मी कौलांवर पोट टेकून आढ्यापर्यंत सरकले आणि डोकावले.

पानांचा ढीग होता. त्याखाली एक बारदान. बारदानाचं टोक मी उचललं.

भोपळा म्हणजे भोपळा नव्हता तो, घागर होती. हिरव्या अंगावर तांबूस-पिवळी झाक चढायला लागलेली, फाका अशा ठसठशीत पडलेल्या की सुरी न लावता मोजता याव्यात. आणि तो नुसता कौलावर टेकलेला नव्हता. डोक्यावर घागर घेताना बायका खाली ठेवतात तसली कापडाची चुंबळ त्याच्याखाली नीट बसवलेली होती. हिरव्या बारीक चौकड्याचं, तांबड्या काठाचं जुनं लुगडं पिळून केलेली. त्याच लुगड्याचा दुसरा तुकडा आमच्या चुलीपाशी भांडी उतरवायला होता. मी रोज वापरत होते.

"उतर! आगं उतर खाली!" खालून हौसाक्का दबक्या आवाजात ओरडली. "बगितलंस व्हय? बोट तर न्हाई न्हवं दाखिवलंस?"

"हौसाक्का, हे कधीपासून आहे इथं?"

"नाव नगं काढूस! होळीच्या आदीपास्नं."

"होळीच्या आधीपासून? आणि तुम्ही दर रविवारी भिंतीवरून आमची लग्नं बघत होता?"

"मग काय करू? पारूवैनी म्हनल्या, भरतंय तवर कुनी बोलायचं न्हाई. ती तर रीतच हाय. आमी काय आजच्या हाय व्हय? दूध न्यायला येत्यात त्या बाया बी गप हायत्या."

हौसाक्काकडं शेळीचं दूध न्यायला अर्धी गल्ली यायची.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून?"

हौसाक्कानं तोंडाला पदर लावला. "तुला ठावं न्हाई हे आमाला कुटं ठावं? तुमचा येल, तुमच्या घरातली बाई बारदान घालून गेलेली. आमाला वाटलं, कलावती पेठंतली असून बी रीतीनं गप ऱ्हाती. आमी कौतिक करत हुतो तुजं."

"आणि ह्यांचं फुलांचं चाललेलं? त्याचं काय वाटलं?"

"आमाला वाटलं, हौस हाय."

मी खाली उतरले तेव्हा कोपर खरचटलेलं होतं. तासगावच्या पोस्टातून त्याच दिवशी ह्यांना कार्ड टाकता आलं असतं. दोन ओळी पुरल्या असत्या. मी कार्ड काढलंही आणि तसंच कोनाड्यात ठेवलं. माल कुठं गेला ते सापडलं होतं, का नेला ते सापडलं नव्हतं.

दुपारी आत्याबाई ज्वारी पाखडत बसल्या. मी समोर बसून खडे वेचायला लागले.

"आत्याबाई, एका वेलाला किती फळं पेलतात?"

सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं.

"जागंवर हाय. रानात असला तर धा बी पेलंल. आपल्या येवड्याशा वाफ्यात, एक."

"आणि ते एक धरलं की?"

"मग मागनं येनारी गळत्यात. एक तोंड मोटं झालं की सगळं त्येच ओढतंय. धाकल्यांस्नी काय उरनार? तुज्या नवऱ्यानं किती बी लग्नं लावू दे. लगीन लागून काय हुतंय, पोटाला नगं?"

"म्हणजे बोटाचं काही नव्हतं."

"बोटाचं बी असतंय."

"आत्याबाई."

"हौसाच्या छपराचं एक कौल सरकलंय," त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या. "देवळातनं येताना बगितलं म्या. मांजरानं येवडं सरकत न्हाई."

मी खडे वेचत राहिले. "चुंबळ चांगली झालीय."

"कौल तापतंय. खालनं भाजलं असतं."

त्यांनी सूप पुन्हा उचललं. मग त्याच म्हणाल्या, "म्या खोटं बोलले न्हाई. फळ धरलंय का, आसं तू कवा इचारलंस? तू इचारायचीस, कळी का गळती. त्येचं उत्तर दिलं."

"ऊन आणि बोट?"

"उत्तर दिलं म्हनलं. बरूबर दिलं आसं कुटं म्हनलं?"

मला हसू आलं. यायला नको होतं, मी भांडायला बसले होते. "पण का, आत्याबाई? माझी खोली जायची वेळ आली. तुमचा मुलगा खानावळीत वाळून चाललाय."

त्यांनी सुपातली ज्वारी उगाचच हातानं इकडून तिकडं केली. "राजाचा बाप गेल्यापास्नं ह्या घरात म्या बोलते आन् भित्ताड ऐकतंय. भित्ताड लई गुनाचं हाय. शब्दाला शब्द करत न्हाई." त्या उठल्या. "तू करतीस."

दारापर्यंत गेल्या आणि तिथून, पाठ तशीच ठेवून, म्हणाल्या, "येलाला काय म्या सांगितलं न्हवतं हळू पिक म्हनून. देठ वाळला की जाशील."

खात्यात मी आजवर प्रत्येकाचं काही ना काही मांडत आले होते. कोण किती चिकट, कोण किती पाण्यात, कोणाचं हसणं उधारीचं. ही नोंद कुठं करायची मला सुचेना. मी ज्वारी डब्यात भरली. त्या संध्याकाळी तीन झेलले म्हणाल्या तेव्हा मी तीन धरले. तर म्हणतात कशा, "दोन हुतं की गं. डोळं फुटलं व्हय?"

शनिवारी हे आले ते हातात चित्रकलेचा ब्रश घेऊन. नराच्या दांड्यानं पराग नीट बसत नाहीत, ब्रशनं बसतात, असं कुणीतरी हापिसात सांगितलेलं. चेहरा मात्र उतरलेला. घरमालकिणीकडं दुसरं बिऱ्हाड येऊन गेलं होतं. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली होती. हे सगळं त्यांनी आईसमोरच सांगितलं. आत्याबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

रविवारी सकाळी हे ब्रश घेऊन वेलापुढं बसले. मी तांब्या घेऊन. इतक्यात आत्याबाई विळा घेऊन परड्यात आल्या आणि भिंतीकडं तोंड करून ओरडल्या, "हौसा! शिडी लाव आन् पाटीला दोर बांद!"

मला कळलं. मी तांब्या टाकून भिंतीपाशी गेले. "आत्याबाई, देठ हिरवा आहे अजून. कच्चा निघेल."

"निगू दे. खोली जाईल."

"जाऊ दे खोली. दुसरी मिळेल."

"तवर ह्येला खानावळीत मारतीस व्हय? पँट बग त्येची. सुतळी बांदायची येळ आली."

"मग सुतळी बांधतील. रीत म्हणजे रीत. पिकल्याशिवाय उतरवायचं नाही."

"मला रीत शिकीवतीस? माज्या सासूची रीत हाय ती! हो बाजूला."

"नाही होत."

हे ब्रश धरून उभे राहिले होते. "कसला देठ? काय कच्चं? आई, तू विळा कशाला घेतलायस? कला, तुला खोली नको आहे?"

"तुम्ही मधे बोलू नका," मी म्हटलं.

"तू गप रं," आत्याबाई म्हणाल्या. त्याच दमात माझ्यावर वळल्या. "दोन म्हैनं म्या तुला अडकीवलं तवा गप हुतीस. आता सोडते तर नाचतीस."

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं!"

"आता ठावं हाय न्हवं? मग जा!"

पलीकडं हौसाक्का शिडीवर चढून छपरावर पोचली होती. "पारूवैनी, विळा द्या हिकडं. तुमचं भांडान हुईस्तवर त्यो पिकंल."

आत्याबाईंनी माझ्या खांद्यावरून हात लांब करून भिंतीवर विळा ठेवला. एक करकर ऐकू आली. मग आढ्यावरून पाटी दिसली, पाटीत बारदान, आणि दोरीला धरून हौसाक्का ती हळूहळू आमच्या अंगाला सोडायला लागली. ह्यांनी दोन्ही हात पुढं केले. भोपळा हातात आला आणि त्याच्यासकट हे वाफ्यात खाली बसले.

"हा... हा कुणाचा?"

"तुमचाच की," हौसाक्का आढ्यावरून म्हणाली. "पर तुमी लावलेल्या लग्नातला न्हवं. हे पळून गेलेलं जोडपं हुतं."

ह्यांना सगळं समजावून सांगायला चहा दोनदा करावा लागला. समजल्यावर ते आईवर चिडले नाहीत, ते शास्त्राच्या बाजूनं दुखावले. "म्हणजे माझं परागीकरण बरोबर होतं."

"बरूबर हुतं रं," आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "वऱ्हाडाला जेवाय घालायचं तेवडं ऱ्हायलं."

भोपळा कापला तर आत गर फिकट, बिया अजून मऊ. घारग्यांना गूळ दुप्पट लागला तरी रंग चढला नाही. पाच सवाष्णी आल्या. पाचीजणींना भोपळा केव्हाचाच ठाऊक होता, आणि पाचीजणींनी "अगबाई, कवा धरलं?" असं विचारलं. अशी एकमुखानं खोटी साक्ष मी पुन्हा कुठं ऐकली नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. आत्याबाई स्टँडवर आल्या नाहीत. वेलाला पाणी घालायचं राहिलंय म्हणाल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "बस, बस. डब्यांस्नी झाकनं घट लाव. तुज्या हाताला ती बी सवय न्हाई."

खोली चांगली होती. खिडकीतून चौकातला नळ दिसायचा आणि त्या नळावरची घरमालकिणीची पाटीही: इथे पाय धुऊ नयेत. घरमालकीण पाटीसारखीच होती, थोडक्यात आणि ठळक. डबे मी लावले आणि महिनाभर हलवले नाहीत.

मग एका संध्याकाळी तासगावच्या गाडीचा कंडक्टर दारात भोपळा ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात दोन. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. कौलावरचा उतरला तसं वेलाला मोकळं झालं होतं. मागून आलेल्या कळ्या धरायला लागल्या, जमिनीवरच्या फाट्यांवरसुद्धा. पावसाळा लागला तरी थांबेना. भाजी झाली, भरीत झालं, थालीपीठ झालं, खीर झाली. खालच्या-वरच्या बिऱ्हाडांना वाटून झालं. हे प्रत्येक भोपळ्याकडं बघून म्हणायचे, "ब्रशचा परिणाम." ब्रश तर ते वाफ्यात पडले तेव्हाच मोडला होता.

मी कार्ड टाकलं, "आत्याबाई, आता पुरे." उत्तर आलं नाही.

श्रावणात एका दुपारी दाराची कडी वाजली. दारात आत्याबाई. काखेत भोपळा, हातात पिशवी, पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले.

"तुम्ही? एकट्या आलात?"

"कंडक्टर म्हनला, नुसता भोपळा न्हेत न्हाई आता. भोपळ्याबरूबर मानूस पायजे." त्यांनी भोपळा माझ्या हातात दिला, खोलीभर नजर फिरवली, फळीवरच्या डब्यांपाशी थांबल्या. "झाकनं बरी लावलीस. पाय धुयाचं कुटं?"

मी सांगायच्या आत त्या चौकात गेल्यासुद्धा. मी भोपळा कोपऱ्यात ठेवत होते तेवढ्यात घरमालकिणीचा आवाज आला.

"अहो बाई, नळावर पाय धुवायचे नाहीत. पाटी दिसत नाही?"

"दिसती की. वाचाय येत न्हाई."

"मग मी वाचून दाखवते."

"वाच. जरा मोट्यानं. कान जड हायती."

आत्याबाईंना पलीकडच्या गल्लीत शेळी शिंकली तरी ऐकू जायचं. घरमालकिणीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या, पाटीवर बाहेरच्यांनी असं लिहिलेलं नाही. घरमालकीण म्हणाली, लिहिलेलं नसलं तरी तसंच आहे. आत्याबाई म्हणाल्या, मग पाटी कशाला लावली, तोंडानंच सांगायचं, तोंड तर चांगलं चालतंय. घरमालकीण म्हणाली, तुमच्याएवढं नाही हो. दोघींचे आवाज चढत गेले. मी खिडकीतून बघितलं. आत्याबाई एक पाय नळाखाली धरून, पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तोंडावर असा तजेला होता की गावाकडं तो मी फक्त संध्याकाळीच, अंगणातल्या पोत्यावर, बघितला होता.

मी खिडकीपासून मागं झाले, डबा उघडला आणि तांदूळ आणखी एक वाटी काढले.